आमच्या हद्दीतला संघ

आचऱ्याच्या माणसाला हद्द म्हणजे काय हे शाळेत जाण्यापूर्वीच उमगते. कारण श्री देव रामेश्वराचा कौल होऊन गावपळण ठरली, की तीन दिवस आणि तीन रात्री माणसे, गुरेढोरे, कोंबड्याकुत्री यांसह अवघा गाव वेशीबाहेर पडतो, आणि ज्या वहाळापलीकडे किंवा ज्या पाणंदीपलीकडे आपली राहुटी उभी करावयाची, ती रेषा कोणाला नकाशात शोधावी लागत नाही. पुढे महसूल खात्याच्या चाकरीत गावनकाशे, हद्दनिशाण्या, आकारबंद आणि फेरफार यांतच माझी हयात गेली, तेव्हा माणसाचे मन आणि सरकारी दप्तर यांच्या सीमा नेहमीच एका रेषेवर येत नाहीत, हेही ध्यानात आले. क्रिकेटच्या बाबतीत तर आमच्या मुलखात ही तफावत फार जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला. परंतु त्यापूर्वी काय आणि त्यानंतर काय, क्रिकेटच्या कारभारात आम्ही पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अखत्यारीत. मन मात्र मुंबईकडे! घरटी एक माणूस परळ-लालबागेत किंवा गिरगावात, गावसकरांचे घराणे मूळचे वेंगुर्ल्याकडचे, गणपतीला येणारा चाकरमानी सोबत आणणार त्या वार्ता मुंबईच्या मैदानांवरच्या. अशा प्रदेशात महाराष्ट्राच्या संघावर जीव जडलेला माणूस विरळाच. मी त्या विरळांपैकी एक आहे, आणि २०१३-१४ च्या रणजी हंगामाविषयी जे लिहावयाचे ते त्या नात्यानेच लिहिणार आहे.

हे प्रेम मला वारशाने मिळाले. माझे वडील मालवणच्या बंदरातून आगबोटीने मुंबईस आणि तेथून पुण्यास शिक्षणासाठी गेले, आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्यांना संस्कृत शिकविण्यास होते प्राध्यापक दि. ब. देवधर. सकाळी वर्गात संस्कृत काव्याचा अन्वय लावून देणारा हा गृहस्थ दुपारी महाराष्ट्राच्या संघाचा नायक म्हणून मैदानावर उभा राहतो, या गोष्टीचा माझ्या वडिलांच्या तरुण मनावर जो ठसा उमटला, तो पुढे आचऱ्याच्या शाळेत मास्तरकी करताना, नारळी-पोफळीच्या बागेत शिंपणे करताना आणि आम्हां मुलांना रात्री गोष्टी सांगताना, कधीही पुसट झाला नाही. १९३९-४० साली देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला आणि रणजी करंडक प्रथमच पुण्यास आला; त्याच हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. पुढच्या वर्षी मद्रासला जाऊन मद्रासचाच पाडाव करीत महाराष्ट्राने करंडक राखला, आणि त्या वर्षी पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ धावांची खेळी केली. त्यानंतर महाराष्ट्राच्या नावापुढे विजेता हा शब्द लिहिण्याचा प्रसंग पुन्हा आला नाही. माझा जन्म या दोन विजयांनंतर बऱ्याच वर्षांनी झाला असल्यामुळे, ज्या संघावर मी आयुष्यभर प्रेम केले त्याचे वैभव माझ्यासाठी केवळ ऐकीव होते.

१९४८-४९ चा हंगामही मी वडिलांच्या तोंडूनच ऐकला, आणि महाराष्ट्राच्या संघाचे सारे प्राक्तन त्या एका हंगामात साठविलेले आहे, असे मला सदैव वाटत आले आहे. पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर होते, ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ धावांवर राहिला होता, महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झाल्या होत्या, आणि उपाहाराच्या वेळी काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब यांनी खेळ पुढे चालविण्यास नकार दिला. निंबाळकरांना कसोटी सामना एकही लाभला नाही. त्याच हंगामात पुण्यातच मुंबईविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या; एकाच सामन्यात नऊ शतके झाली; महाराष्ट्राने चौथ्या डावात ६०४ धावा उभारल्या, आणि तरीही सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला! चौथ्या डावात सहाशेवर धावा करूनही इतक्या अंतराने हरण्याचा योग ज्या संघाच्या वाट्याला आला, त्याच्या भक्ताने किती धीर बाळगावयाचा, याचे शिक्षण मला लहानपणीच मिळाले.

मालवणच्या तहसील कचेरीत ज्या वयोवृद्ध अव्वल कारकुनांच्या हाताखाली मी उमेदवारी केली, त्यांचा दंडक असा होता, की नोंद आजची आजच व्हावी, ती दुसऱ्याने वाचली तरी त्याला प्रश्न पडू नये, आणि दुरुस्ती करणे प्राप्त झाले तर मूळ मजकूर वाचता येईल अशा बेताने आडवी रेघ ओढून तीखाली सही करावी. मला हा दंडक पटला, इतकेच नव्हे तर आवडला. आणि महाराष्ट्राच्या सामन्यांची जी नोंदवही मी चाकरीच्या आरंभी सुरू केली, तिलाही मी तोच लावला. मुक्काम, नाणेफेक, पहिल्या डावाची आघाडी, निकाल आणि शेरा असे तिचे रकाने होते. मुंबईची वृत्तपत्रे त्या काळी एस.टी.ने आचऱ्यास उशिरा येत, त्यांतील धावफलक मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला असे, आणि बाहेरगावी पीकपाहणीस गेलो असल्यास तो अंक घरी बाजूस काढून ठेवला जाई. चार दिवसांचा रणजी सामना रिकाम्या बाकांसमोर खेळला जातो. तलाठ्याची पीकपाहणीही कोणी पाहावयास येत नाही. तरीही त्या बांधावर जे लिहिले जाते त्यावर पुढे कोणाचा तरी हक्क ठरतो, हे जाणून ते मनापासून करावे लागते. मला वाटते, त्या अनाम खेळाडूंविषयी मला जी आत्मीयता वाटत आली, तिचे मूळ माझ्या चाकरीतच असावे.

नोंदवही सुरू होण्यापूर्वीचा एक पराभव मात्र मनात कोरला गेला होता. १९७०-७१ साली गावसकर, वाडेकर, सरदेसाई यांच्यासारखे मुंबईचे मोहरे वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेलेले असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालच्या उरलेल्या मुंबईने अंतिम सामन्यात महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. रेडिओवरील बातम्यांत तो निकाल ऐकून वडील काही न बोलता उठले आणि बागेत शिंपण्यास गेले. पुढे १९९२-९३ साली संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला; कचेरीत वसुलीची धामधूम चाललेली, आणि लुधियान्यात पंजाबने आम्हाला १२० धावांनी नमविले. तेव्हा वडील हयात नव्हते. देवधर मात्र होते. वयाची शंभरी ओलांडलेला, महाराष्ट्राला करंडक मिळवून देणारा तो एकमेव कर्णधार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तला. त्यांच्या हयातीत करंडक पुन्हा पुण्यास आला असता तर ती घटना किती मंगल झाली असती, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

त्यानंतरची वर्षे भराभर सांगून टाकतो, कारण शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखे त्यांत फार थोडे होते. मी सेवानिवृत्त होऊन आचऱ्यास कायमचा राहावयास आलो, आणि २०१३-१४ चा हंगाम उगवला तेव्हा महाराष्ट्राचे नाव ‘क’ गटात होते. त्या वर्षीची रचना अशी, की ‘अ’ आणि ‘ब’ या वरच्या गटांतून प्रत्येकी तीन संघ आणि ‘क’ गटातून केवळ दोन संघ उपान्त्यपूर्व फेरीत जावयाचे. आमच्या गटात शेजारचा गोवा, केरळ, आंध्र, हैदराबाद, आसाम, त्रिपुरा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर असे संघ होते. वृत्तपत्रांचे सारे लक्ष मुंबईकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते, कारण सचिन तेंडुलकरने ऑक्टोबरमध्ये लाहली येथे आपला अखेरचा रणजी सामना खेळून नोव्हेंबरमध्ये वानखेडेवर निरोप घेतला होता. त्या कोलाहलात ‘क’ गटाचे धावफलक कोण वाचणार?

मी वाचीत होतो; आणि डिसेंबर उजाडला तसे माझ्या ध्यानात येऊ लागले, की या वर्षी काही निराळे घडत आहे. केदार जाधव आदल्या हंगामात उत्तर प्रदेशाविरुद्ध ३२७ धावा करून गेलेला होताच. या हंगामात तो शतकांमागून शतके रचीत होता. सलामीचा हर्षद खडीवाले तितक्याच सातत्याने धावा जमवीत होता. जालन्याच्या विजय झोलने त्रिपुराविरुद्ध गहुंज्याच्या मैदानावर रणजी पदार्पणातच नाबाद २०० धावा केल्या, तेव्हा त्याचे वय विशीच्या आतले होते. यष्टिरक्षक रोहित मोटवानी कर्णधार, आणि प्रशिक्षक सुरेंद्र भावे, म्हणजे ज्याने महाराष्ट्रासाठी डोंगराएवढ्या धावा केल्या पण ज्याला भारताची टोपी कधी मिळाली नाही असा माणूस. जालना, पैठण, नगर, पुणे अशा ठिकाणांहून आलेली ही मुले होती. मुंबईच्या संघात जसे एकाच शहराचे वळण दिसते, तसे येथे नव्हते. येथे एक विस्तीर्ण, विखुरलेला मुलूख एका पोशाखात उतरला होता, आणि कागदोपत्री तरी त्या मुलखात आमचा आचराही होता. ‘क’ गटातून महाराष्ट्र आणि परवेझ रसूलचा जम्मू-काश्मीर असे दोन संघ पुढे गेले. गोव्याची संधी अगदी थोडक्यात हुकली, याचे शेजारी म्हणून वाईट वाटले.

उपान्त्यपूर्व सामना ठरला तो मुंबईशी, आणि तोही वानखेडेवर. मुंबई आदल्या वर्षीची विजेती, चाळीस वेळा करंडक जिंकलेली. पहिल्या डावात तिने ४०२ धावा केल्या आणि महाराष्ट्राचा डाव २८० वर आटोपला. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल लागतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना १२२ धावांची ही पिछाडी म्हणजे काय ते निराळे सांगणे नको. महाराष्ट्राला आता निर्णायक विजयावाचून गती नव्हती. आणि मग दुसऱ्या डावात महाराष्ट्राच्या गोलंदाजांनी मुंबईला १२९ धावांत गुंडाळले. ही वार्ता कानी आली त्याच सायंकाळी मी कणकवलीस जाऊन कोकणकन्या गाडीत बसलो. निवृत्त माणसाने एका सामन्याच्या अखेरच्या खेळासाठी रात्रभर प्रवास करावा, हे घरच्यांना विलक्षण वाटले असेल; परंतु माझ्या वडिलांनी पाहिलेला विजयी महाराष्ट्र मी डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि ती संधी पुन्हा येईल याचा भरवसा देण्यास कोणी बांधलेले नव्हते.

वानखेडेवर प्रेक्षक तुरळक होते. एका बाजूने चर्चगेटच्या गाड्यांची घरघर, दुसरीकडून समुद्राचा वारा, आणि मैदानावर विजयासाठी २५२ धावांचे उद्दिष्ट घेऊन उभे असलेले दोघे: उजव्या हाताने खेळणारा केदार आणि डावखुरा झोल. माझ्या शेजारच्या बाकावर लालबागच्या एका बंद गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ बसले होते; बोलता बोलता कळले, की ते आमच्या शेजारच्या तोंडवळीचे. मी महाराष्ट्राच्या प्रत्येक चौकाराला टाळी देतो हे पाहून त्यांनी विस्मयाने विचारले, “आचऱ्याचो माणूस असून मुंबयच्या विरुद्ध?” मी त्यांना आमचा जिल्हा कोणत्या संघटनेकडे मोडतो ते समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ता कागदावर, भाऊसाहेब. माका कागदान सांभाळूक नाय, मुंबयन सांभाळलान.” या उत्तरावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काहीच नव्हते. गिरणी, चाळ, कामगार मैदान, सुटीच्या दिवशी शिवाजी पार्क, असे ज्याचे आयुष्य गेले त्याची निष्ठा कोणत्याही फेरफाराने बदलण्यासारखी नव्हती, आणि तिच्याविषयी मला अतीव आदर वाटला.

त्या दोन फलंदाजांनी जी भागी केली तिचे वर्णन धावांच्या भाषेत करणे सोपे आहे: केदार नाबाद १२०, झोल नाबाद ९१, दोन बाद २५२, आठ गडी राखून विजय. परंतु मला जे स्मरते ते निराळे आहे. मुंबईकडून खेळणाऱ्याच्या उभे राहण्यातच ‘हा सामना आमचा’ असा जो एक पिढीजात विश्वास असतो, तो त्या दिवशी प्रथम क्षेत्ररक्षकांच्या चालण्यातून, मग त्यांच्या परस्परांना दिलेल्या हाकांतून हळूहळू ओसरत गेला. आणि महाराष्ट्राच्या त्या दोघांत आवेशाचा लवलेशही नव्हता. आलेला चेंडू पाहावा, त्याच्या लायकीप्रमाणे त्याचा समाचार घ्यावा, आणि पुढच्या चेंडूची वाट पाहावी, असे ते खेळत राहिले. विजयाची धाव निघाली तेव्हा तोंडवळीचे गृहस्थ उभे राहिले, मुंबईकर असूनही त्यांनी मनमोकळ्या टाळ्या वाजविल्या, आणि ते म्हणाले, “काय खेळ दाखवल्यानी पोरग्यांनी!” माझे डोळे भरून आले होते. पासष्ट वर्षांपूर्वीच्या त्या २३७६ धावांच्या सामन्याची आठवण असणारे तेथे आणखी कोणी होते की नाही, कोण जाणे. मला मात्र वडील शेजारी असते तर, असे राहून राहून वाटत होते.

उपान्त्य सामना इंदूरच्या होळकर मैदानावर बंगालशी झाला. इंदूर हे मराठी माणसाला परके नाही, आणि निंबाळकरांनी पुढे होळकरांच्या संघातून खेळून तेथेही नाव कमावले होते. ते आदल्या हंगामात, २०१२ च्या डिसेंबरात, कोल्हापूरचा हा सुपुत्र म्हणून सर्वांचा मान घेऊन निवर्तले होते. हा सामना मी आचऱ्यातच राहून पाहिला, म्हणजे खरे तर वाचला: शेजारचा मालवणच्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा भ्रमणध्वनीवर धावफलक उघडी, आणि संपर्क नीट मिळावा म्हणून आम्ही दोघे पाणंदीच्या चढावर जाऊन उभे राहू. पहिल्याच दिवशी त्याने “तात्यानू, बंगाल एकशे चौदा, सगळे आऊट!” असे ओरडून सांगितले तेव्हा मी तो आकडा पुन्हा वाचून दाखवावयास सांगितला. डावखुरा समद फल्लाह याने ५८ धावांत सात बळी घेतले होते. ज्या गोलंदाजाने वर्षानुवर्षे पुण्या-नाशिकच्या निर्जीव खेळपट्ट्यांवर घाम गाळला आणि ज्याच्याकडे राष्ट्रीय निवडीची दृष्टी वळली नाही, त्याला इतक्या मोठ्या सामन्यात असे यश लाभावे, हा मला त्या हंगामाचा सर्वांत न्याय्य क्षण वाटतो. संग्राम अतीतकरच्या १६८ धावांनी महाराष्ट्र ४५५ पर्यंत गेला. बंगालने दुसऱ्या डावात ३४८ करून झुंज दिली खरी, पण विजयासाठी उरल्या त्या अवघ्या आठ धावा. दहा गडी राखून महाराष्ट्र अंतिम फेरीत आला, आणि ‘क’ गटात हंगाम सुरू केलेला संघ आता एकाच पराक्रमाच्या अंतरावर उभा होता.

हैदराबादच्या उप्पल येथील अंतिम सामना घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. कर्नाटकाने प्रथम फलंदाजी दिली. अंकित बावणेच्या ८९ आणि चिराग खुराणाच्या ६४ धावांच्या बळावर महाराष्ट्राने ३०५ केल्या. कर्नाटकाच्या के. एल. राहुलने १३१ आणि गणेश सतीशने ११७ धावा करून ५१५ चा डोंगर रचला, आणि सामना तेथेच हातचा गेला, हे माझे मत मी आजही बदललेले नाही. कारण त्या दोघांची जोडी जमली असताना आमच्या गोलंदाजांच्या पायांत संपूर्ण हंगामाचा शीण उतरलेला स्पष्ट दिसत होता. दुसऱ्या डावात केदारने पुन्हा शतक झळकविले, ३६६ धावा झाल्या, पण कर्नाटकाला हव्या होत्या फक्त १५७. २ फेब्रुवारी २०१४ रोजी सात गडी राखून त्यांनी सातव्यांदा करंडक जिंकला. खडीवाले याने हंगामात हजार धावा ओलांडल्या होत्या, केदारने १२२३ धावा करून साऱ्या देशात अग्रस्थान मिळविले होते; आणि त्याच महिन्यात विजय झोल एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाचा नायक म्हणून विश्वचषकास गेला.

त्या रात्री नोंदवहीचा रकाना भरताना मला दुःख झाले, हे मी लपवीत नाही. परंतु १९७१ चे आणि १९९३ चे दुःख ज्या जातीचे होते त्या जातीचे ते नव्हते. तेव्हा हातातून काहीतरी निसटले असे वाटले होते. या वेळी हाती आलेले पुष्कळ होते. मी ऐकून ठेवलेला महाराष्ट्र आणि मी पाहिलेला महाराष्ट्र या दोहोंमध्ये माझ्या बालपणापासून जे अंतर होते, ते त्या हिवाळ्यात नाहीसे झाले होते, आणि यासाठी करंडक येणे आवश्यक ठरले नाही. गावात अनेकांनी “शेवटी हरलेच ना” असे म्हटले, त्या प्रत्येकाला मी वानखेडेवरचा तो दिवस सविस्तर सांगितला. काहींनी कंटाळून, काहींनी उत्सुकतेने, पण सर्वांनी तो ऐकला.

पुढच्या नोव्हेंबरात केदार जाधव रांची येथे श्रीलंकेविरुद्ध भारताकडून खेळला, आणि महाराष्ट्राचा संघ वरच्या गटात जाऊन पुन्हा उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तमिळनाडूने पहिल्या डावाच्या आघाडीवर त्याला रोखले. त्या सामन्याच्या दिवसांत मला तोंडवळीहून निरोप आला. वानखेडेवर भेटलेले ते गृहस्थ गावी येऊन राहिले होते, मुंबईचा संघही त्या वर्षी उपान्त्य सामना बंगळूरला खेळत होता, आणि त्यांनी विचारले होते, की दोन्ही सामन्यांचे धावफलक एकत्र बसून पाहावयाचे असतील तर आचऱ्यास कधी यावे. मी त्यांना दुसऱ्याच दिवशी जेवावयास बोलावले, आणि नोंदवहीत मुंबईसाठी एक वेगळे पान आखून ठेवले.